‘ब्रेक निकामी’ लिहिण्याआधी पाटे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घाटात ट्रेलर उलटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले कारण ठरलेले असते : ब्रेक निकामी झाले. चालक तेच सांगतो, पंचनाम्यात तेच उतरते आणि विषय मिटतो. ब्रेक निकामी होतात, यात वाद नाही. पण ट्रेलरचा ब्रेक एकटा काम करत नाही. ब्रेक चेंबर, स्लॅक ॲडजस्टर, कॅमशाफ्ट हे सगळे एक्सलवर बसवलेले असते. एक्सल यू-बोल्टने (इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवलेल्या बोल्टने) पाट्यांना, म्हणजे भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पानांना, आवळलेला असतो. पाट्यांची टोके हँगरमध्ये (चासीला वेल्ड केलेल्या आधारांत) आणि बॅलन्सरमध्ये (शेजारच्या एक्सलमध्ये भार वाटणाऱ्या तरफेत) बसतात आणि टॉर्क रॉड (एक्सलची जागा धरून ठेवणारी दांडी) एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही. ब्रेक लागला की चाक थांबवणारा जोर एक्सललाही फिरवू पाहतो. यू-बोल्ट ढिले असतील तर एक्सल बैठकीवर सरकतो, पाने मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट कातरला जातो आणि एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूच्या मागे जाते. दोन किंवा तीन एक्सलच्या ट्रेलरमध्ये बॅलन्सर जाम झाला असेल किंवा एका एक्सलचे पाटे दबून बसले असतील तर वजन सारखे वाटले जात नाही. हलक्या एक्सलची चाके ब्रेक लागताच जाम होऊन घसरतात, जड एक्सलचे ड्रम तापतात, आणि मग ‘ब्रेक लागलेच नाहीत’ असे म्हटले जाते. पाटे तपासले होते का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रस्त्यावरच्या तपासणीतही तो विचारला जात नाही, म्हणून हे पत्र. आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली की कागद, परवाना, पासिंग, विमा, पीयूसी, रिफ्लेक्टर आणि वजन एवढे बघून होते. कागदाची तारीख वाचता येते, वजन काट्यावर दिसते. गाडीच्या पोटाखाली मात्र अधिकाऱ्याकडे कुठलेही माप नाही. ते माप लेखी स्वरूपात, मराठीत आणि सर्वांना सारखे मिळावे, ही मुख्य मागणी आहे.

कायद्यात याची सोय मुळीच नाही असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १९० धोकादायक दोष असलेल्या वाहनाबद्दल आहे, आणि त्यात ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे. असे वाहन चालवणारा तर दोषी आहेच, पण चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. अट एवढीच, की दोष त्याला ठाऊक असावा किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता असा असावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला १,५०० रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. याच्या शेजारी कलम १९४ ठेवा. जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पथकाचे पाय कुठे वळतील हे सांगायला नको. कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक ठरणाऱ्या वाहनाची नोंदणी दोष दूर होईपर्यंत निलंबित करता येते, पण त्यात मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देणे, लेखी कारणे नोंदवणे हे सगळे येते. १,५०० रुपयांचा दंड आणि नोंदणीचे निलंबन यांच्या मधली पायरीच व्यवहारात नाही. आणि दोन्हीकडे प्रश्न तोच उरतो : किती पाटे तुटले म्हणजे धोका? कलम १९० त्यावर काही सांगत नाही.

पासिंगवर विसंबणेही पुरेसे नाही. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे फिटनेस प्रमाणपत्र मिळते, त्यानंतर दरवर्षी. सतत भरून चालणाऱ्या ट्रेलरचा यू-बोल्ट ढिला व्हायला एक खराब रस्त्याची फेरी पुरते. पासिंगच्या दिवशी रंग मारलेला, धुतलेला आणि रिकामा ट्रेलर उभा असतो. दोष दिसतो तो भरलेल्या गाडीत.

‘साधारण काळजी’ म्हणजे नेमके काय, ते इथे सांगून टाकतो. कारण यासाठी यंत्रे लागत नाहीत. बॅटरी, छोटा हातोडा, पहार आणि टेप पुरतो. गाडी सपाट जागेवर उभी करावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून किल्ली तपासणाऱ्याच्या खिशात ठेवावी. आधी मागे लांब उभे राहून बघावे : ट्रेलर एका बाजूला झुकला आहे का? झुकलेला वाटला तर दोन्ही बाजूंना त्याच एक्सलच्या टायरपासून चासीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. माल मध्यभागी असूनही फरक येत असेल तर एका बाजूचे पाटे बसले आहेत किंवा तुटले आहेत.

मग एकेका पॅकपाशी (पाट्यांच्या जुडग्यापाशी) जावे. पाट्यांची टोके मोजावीत, डाव्या आणि उजव्या बाजूची संख्या सारखी असली पाहिजे. एखादे पान बाजूला सरकून टायरकडे आले आहे का ते बघावे, कारण सरकलेले पान टायरचा गाल कापते. क्लिप जागेवर आहेत का? क्लिप गेली की गाडी उसळताना पाने एकमेकांपासून उघडतात आणि सगळा झटका मेन (मुख्य, सर्वांत लांब) पाट्यावर येतो. संशय आला तर हातोड्याने हलके ठोकावे. पाट्याचा आवाज ढोबळ खूण देतो. खात्री मात्र डोळ्यांनीच करावी, कारण चिखल आणि ग्रीसने भरलेला चांगला पाटाही बद्द वाजतो.

यू-बोल्ट बघताना नटापेक्षा नटाच्या आजूबाजूला बघा. ढिल्या जोडात दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासत राहतात आणि तिथून तांबूस-तपकिरी भुकटी बाहेर येते. पावसाळ्यात ती ओघळून खाली लाल रेघा उमटतात. शेजारी रंग उडून धातूचा चकचकीत पट्टा दिसला तर खात्रीच समजावी. ही भुकटी म्हणजे साधा गंज नव्हे. साधा गंज सगळीकडे सारखा पसरतो, ही जोडाच्या फटीतूनच निघते. हँगर आणि चासी यांच्यामधल्या वेल्डिंगच्या कडेलाही अशीच रेघ शोधावी. रंगातून फुटून आलेली सरळ, बारीक, तांबूस रेघ म्हणजे तडा. टॉर्क रॉडच्या टोकाखाली पहार घालून उचलून बघावे : रबरी बुश थोडे दबते, ते ठीक. पण रॉडचा डोळा ब्रॅकेटला लागून टकटक करत असेल, रबर बाहेर आलेले असेल किंवा ॲडजस्टिंग रॉडच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला असेल, तर त्या एक्सलची जागा कोणीच धरून ठेवलेली नाही. शेवटी टायरवर उलटसुलट हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे टोचले तर एक्सल तिरका आहे.

तीन एक्सलच्या ट्रेलरला सहा पॅक असतात. सरावलेल्या माणसाला हे सगळे पंधरा मिनिटांत होते. खालचा भाग चिखलाने माखलेला असेल तर यातले काही दिसत नाही. तेव्हा पाटे धुणे हे सौंदर्याचे काम नाही, तपासणीचाच भाग आहे.

आता पाटा का तुटतो, ते. खड्ड्यांना शिव्या देऊन हा प्रश्न सहसा संपवला जातो, आणि खड्डे दोषी आहेतच. पण तुटलेल्या पाट्याचे तोंड फेकून देण्याआधी एकदा उजेडात धरून बघावे. एका कडेला काळपट, गुळगुळीत, गंजाने रंगलेला भाग दिसेल आणि उरलेला दाणेदार, करडा, ताजा. काळपट भाग म्हणजे तडा कितीतरी काळ आत सरकत होता. ताजा भाग शेवटच्या झटक्यात तुटला. काळपट भाग मोठा असेल तर तो पाटा तपासणीत आधीच सापडायला हवा होता. जवळजवळ सगळेच तोंड ताजे असेल तर एक तर वजन बेसुमार होते किंवा पाट्याच्या पोलादात अथवा उष्णता-प्रक्रियेत खोट होती.

तुटण्याची जागाही बोलते. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला तर बहुतेक वेळा यू-बोल्ट ढिले होते. नीट आवळलेल्या पॅकचा मधला भाग वाकतच नाही, त्यामुळे भोकावर ताण येत नाही. आवळ सुटली की तोच भाग वाकू लागतो आणि भोकाच्या कडेपासून तडा निघतो. असा पाटा बदलून जुनेच यू-बोल्ट परत चढवले तर नवा पाटाही तिथेच तुटणार. टोकापाशी तुटला असेल तर हँगरमधली झिजपट्टी, बाजूच्या पट्ट्या आणि बॅलन्सरचे बुश बघावे. झिजपट्टी संपली की पाट्याचे टोक थेट हँगरला कापत जाते. यू-बोल्टच्या कडेला तुटला असेल तर वजनाचा आणि वरच्या प्लेटच्या झिजलेल्या कडेचा विचार करावा.

दुरुस्तीत सर्वाधिक हेळसांड होते ती यू-बोल्टची. एकदा पूर्ण आवळून काढलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. त्याचे आटे ताणले गेलेले असतात, नट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण बोल्टमध्ये हवा तेवढा ताण येत नाही. नवा घेतानाही वाक बघून घ्यावा : चौकोनी एक्सलला चौकोनी वाकाचा, गोल एक्सलला गोल वाकाचा. चुकीचा वाक दोनच ठिकाणी टेकतो आणि काही दिवसांत बसून ढिला होतो. बैठकीवरचा जाड रंग, जुना गंज, ग्रीस खरवडून काढावे, कारण आवळताना रंग दबतो आणि नंतर तेवढीच आवळ सुटते. आट्यांना उत्पादकाने सांगितले असेल तसे तेल लावावे. चारही नट आधी हाताने समान आणावेत, मग तिरप्या क्रमाने, तीन-चार टप्प्यांत टॉर्क पान्याने पूर्ण मापापर्यंत न्यावेत. मापाचा आकडा बोल्टच्या जाडीवर आणि सस्पेन्शनच्या मेकवर ठरतो. तो उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा, शेजारच्या गॅरेजमधून नव्हे. मोठ्या यू-बोल्टला कित्येक शंभर न्यूटन-मीटर लागतात. पान्याला पाइप लावून दोघांनी लोंबकळणे हे माप नाही, आणि इम्पॅक्ट गनचा कडकडाटही नाही. त्याने एक नट जास्त आवळला जातो, समोरचा कमी.

यानंतरचे काम जवळजवळ कोणीच करत नाही : पुन्हा आवळणे. नवी पाने, नवी बैठक, नवे आटे पहिल्या भरलेल्या फेरीत बसतात आणि आवळ कमी होते. म्हणून साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत, उत्पादकाने दिलेल्या अंतरावर, चारही नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. गॅरेजच्या बिलावर ही तारीख आणि किलोमीटर लिहिलेले नसते, आणि मालकाला ती फेरी फुकट गेल्यासारखी वाटते. बऱ्याच भानगडी इथेच सुरू होतात, असे या कामातले जाणते लोक सांगतील.

वेल्डिंगबद्दल स्पष्ट लिहायला हवे. पाटा वेल्ड करून चालत नाही. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ होतो, आणि पाटा वेल्डवर न तुटता वेल्डच्या शेजारी तुटतो. वेल्ड शाबूत दिसतो म्हणून मिस्त्री खूश! पाट्यावर उडालेला वेल्डिंगचा ठिपकासुद्धा तड्याची सुरुवात ठरू शकतो. चासीचे किंवा हँगरचे वेल्डिंग चालू असेल तर पाटे ओल्या गोणपाटाने किंवा पत्र्याने झाकावेत, आणि अर्थ क्लॅम्प कामाच्या जवळच लावावा, चाकावर नको. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. गंजलेला यू-बोल्ट गॅसने कापावा लागतो, तेव्हा ज्वाला पाट्यावर फिरली की तो पाटा गेला समजावे. एक्सलच्या नळीवरही मनाला येईल तिथे वेल्ड मारू नये. तिची खालची बाजू सतत ताणात असते, तिथे मारलेला ब्रॅकेट पुढे एक्सलच तोडतो.

पॅकमधले एकच पान बदलायचे की पूर्ण पॅक, हा नेहमीचा वाद. पॅक जुना, बसलेला असेल तर नव्या पानाचा बाक जास्त असतो, ते एकटेच जास्त भार घेते आणि लवकर तुटते. पॅक नवाच असेल आणि एखादे पान दगडाच्या झटक्याने गेले असेल तर एक पान बदलणे समजू शकते. त्याखेरीज पूर्ण पॅक बदलावा आणि त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूची उंची मोजून, फरक असेल तर तोही बदलावा. महाग वाटते. पण टायरच्या जोडीच्या किमतीशी ताडून बघितले तर तितकेसे नाही.

याच्या उलट प्रकार म्हणजे पाने वाढवणे. २०१८ पासून दोन एक्सलच्या बोगीला (एकत्र बसवलेल्या एक्सलच्या संचाला) २१ टन आणि तीन एक्सलच्या बोगीला २७ टन सुरक्षित भार मान्य आहे. त्याआधी हे आकडे १९ आणि २४ होते. तरीही दोन पाने जास्त टाकून ‘गाडी बसत नाही’ अशी हमी दिली जाते. गाडी बसत नाही म्हणजे भार गेला असे नाही. पाटा वाकायचा थांबला की तोच झटका हँगरच्या वेल्डवर, चासीवर, एक्सलच्या नळीवर आणि बेअरिंगवर जातो. शिवाय एकाच एक्सलला पाने वाढवली तर बॅलन्सर कितीही चांगला असला तरी भार सारखा वाटला जात नाही. कलम १८२ अ खाली मालकाने परवानगीशिवाय केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वाढवलेली पाने त्यात धरायची की नाही, हे परिवहन विभागाने एकदा स्पष्ट सांगितले तर वाद मिटेल. माझ्या मते धरावीत.

पाटे किंवा टॉर्क रॉड बदलल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी सोडू नये. ट्रेलर रिकामा, सपाट जमिनीवर, थोडा सरळ पुढे ओढून उभा केलेला, टायरची हवा सारखी. किंगपिनच्या (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणाऱ्या खिळीच्या) मध्यापासून पहिल्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे टेप सारख्याच ताणाने धरून मोजावीत. डाव्या-उजव्या अंतरातला फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. मग पहिल्या एक्सलपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, दोन्ही बाजूंनी. इथे फरक दीड मिलिमीटरच्या आत. हा काटेकोरपणा कशासाठी, तर हिशेब सोपा आहे. दोन मीटर अंतरावरच्या दोन टोकांत १० मिलिमीटरचा फरक असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते टायर सुमारे ५ मीटर आडवे घासले जातात. हजार किलोमीटरला पाच किलोमीटर. टायर कंपनीला नावे ठेवण्याआधी टेप काढावा.

एअर सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसणाऱ्या ट्रेलरबद्दल थोडक्यात. फुगा तुटायच्या आधी त्याच्या घडीत आडव्या भेगा दिसतात. साबणाच्या पाण्याने गळती कळते. फुग्यांची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी वाकवून उंची वाढवणे हा रस्त्यावरचा आवडता उद्योग आहे. तो करू नये, कारण उंची बदलली की एक्सलचा कोन आणि ब्रेक चेंबरची मांडणी दोन्ही बिघडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ब्रेकची हवा आधी, फुग्यांची नंतर. अमेरिकेच्या नियमात हे आकड्यांत आहे : ब्रेकच्या टाकीत किमान ५५ पीएसआय (दाबाचे एकक) होईपर्यंत सस्पेन्शनला हवा जाता कामा नये, आणि पूर्ण दाब असताना पाच मिनिटांत ३ पीएसआयपेक्षा जास्त गळती नको.

असेच आकडे पाट्यांसाठीही तिथे आहेत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तिन्ही देशांत रस्त्यावरच्या तपासणीला सीव्हीएसए (कमर्शियल व्हेईकल सेफ्टी अलायन्स) या संस्थेचे एकच निकष लागू आहेत. मेन पाटा तुटलेला असेल तर गाडी तिथेच थांबते. एका पॅकमधली एक चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाने तुटलेली असतील तरी थांबते. म्हणजे आठ पानांत दोन, दहा पानांत तीन, तीन पानांच्या पॅकमध्ये एक. एखादे पान गायब असेल, एकही यू-बोल्ट तुटलेला, तडकलेला किंवा ढिला असेल, टॉर्क रॉड अथवा त्याची जोडणी तडकलेली असेल, फुगा बसलेला असेल, तर गाडी दुरुस्त होईपर्यंत हलत नाही. याहून कमी दोष असेल तर लेखी अहवाल मिळतो, आणि अमेरिकेत मालकाने पंधरा दिवसांच्या आत दुरुस्ती केल्याचे सही करून कळवायचे असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात दोषांचे किरकोळ, गंभीर आणि धोकादायक असे तीन वर्ग केले आहेत. हे जसेच्या तसे उचला असे म्हणणे नाही. आपल्याकडची पॅकची घडण, रस्ते आणि भार वेगळे आहेत. पण ‘एक चतुर्थांश’ हा आकडा अधिकाऱ्यालाही मोजता येतो आणि चालकालाही. जिथे दोघांना एकच गोष्ट मोजता येते तिथे हुज्जत आणि चिरीमिरी, दोन्हींना जागा कमी उरते.

परिवहन विभागाने यासाठी एकच पान काढावे. त्यावर पाटे, यू-बोल्ट, हँगर, टॉर्क रॉड आणि फुगा यांची चित्रे, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने : ‘जागेवर थांबवा’ आणि ‘ठरावीक दिवसांत दुरुस्त करून दाखवा’. दुसऱ्या रकान्यातल्या दोषाला दंडाच्या आधी मुदतीचा मेमो द्यावा आणि दुरुस्तीचे बिल, बदललेल्या भागांचे फोटो ऑनलाइन चढवण्याची सोय करावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार कागदपत्रे मोबाइलवर दाखवता येतात, तर दुरुस्तीचा पुरावाही तसाच दाखवता यावा. बिलावर यू-बोल्टचा टॉर्क किती दिला, पुन्हा आवळायची तारीख काय आणि ते झाले का, हे तीन रकाने सक्तीचे करावेत. गॅरेजवाल्यांना हे जाचक वाटेल. वाटू द्यावे.

‘जागेवर थांबवा’ म्हणजे महामार्गाच्या कडेला जॅक लावा, असा अर्थ मात्र होता कामा नये. भरलेला ट्रेलर रस्त्याच्या उतरत्या कडेवर नुसत्या जॅकवर उचलून पाटे काढणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. दाबलेल्या पॅकमध्ये साठलेला जोर नट सुटताच बाहेर येतो, आणि जॅक मऊ मातीत खचतो. मागून येणाऱ्याला रात्री दिसायला दोन दगड आणि एक झाडाची फांदी! तपासणीच्या जागा टोलनाक्याजवळ, वजनकाट्याजवळ किंवा ट्रक टर्मिनलमध्ये असाव्यात, तिथे काँक्रीटची जमीन, दिवे आणि स्टँड लावायला जागा असावी. रस्त्यावरच दोष सापडला तर गाडी हळू, पथकाच्या देखरेखीखाली तिथपर्यंत न्यावी. यू-बोल्ट तुटला असेल किंवा एक्सल सरकला असेल तर नेऊच नये, क्रेन बोलवावी.

चालकाचाही विचार व्हावा. दोष बहुतेक वेळा चालकाला आधी कळतो. ‘गाडी तिरकी चालते’, ‘मागून आवाज येतो’ हे तो सांगतो आणि ‘ही फेरी मारून ये, मग बघू’ असे उत्तर मिळते. पथकाने पकडले की मेमो त्याच्या हातात. कलम १९० मध्ये ‘चालवू देणारा’ आहे, पण चालकाने सांगितले होते हे सिद्ध कशाने करायचे? अमेरिकेत दिवसअखेर चालकाला दोष आढळला तर तो लेखी नोंदवतो, आणि दुरुस्ती झाली किंवा गरज नव्हती असे मालकाच्या बाजूने सही झाल्याशिवाय गाडी पुन्हा रस्त्यावर जात नाही. आपल्याकडे दोन प्रतींचे साधे दोषपुस्तक प्रत्येक ट्रेलरमध्ये असावे, एक प्रत मालकाकडे, एक गाडीत. मोबाइलवरचा संदेशही चालेल, पण तो मालकाने नंतर नाकारता येणार नाही अशा रीतीने विभागाच्या ॲपमधून गेलेला असावा. पथकाने ते पुस्तक आधी वाचावे, मग पोटाखाली वाकावे, आणि दोष आधीच नोंदलेला असेल तर मेमो मालकाच्या नावाने फाडावा.

आपला,
ट्रेलर-दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक